टूर द फ्रान्स : वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेली शर्यत

टप्प्यांची सायकल शर्यत अनेक दिवस चालते, रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते आणि तिचा निकाल सर्व दिवसांच्या एकूण वेळेवर लागतो. रोज पहिला येणारा आणि शेवटी शर्यत जिंकणारा हे बहुधा वेगवेगळे असतात. एकही टप्पा न जिंकता संपूर्ण शर्यत जिंकल्याची उदाहरणे आहेत. टप्पा म्हणजे काय, हे वऱ्हाडात समजावून सांगावे लागत नाही. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोल्यात येते, तेव्हा आजचा मुक्काम कुठे आणि उद्याचा कुठे हे कधीच ठरलेले असते, आणि मुक्कामाच्या गावाला त्याचा मान वाटतो. सायकल शर्यतीतही मुक्कामाच्या गावाला मान असतोच. मात्र तो मिळवायला गावाला आयोजकांकडे पैसे भरावे लागतात.

या प्रकारच्या तीन शर्यती मोठ्या समजल्या जातात. फ्रान्सची टूर १९०३ साली सुरू झाली, इटलीची जिरो १९०९ साली आणि स्पेनची व्हुएल्ता १९३५ साली. तिन्ही वर्तमानपत्रांनी काढल्या, आणि तिन्हींमागचा पहिला हेतू अंक खपवणे हाच होता. टूरचा इतिहास त्यामुळे क्रीडासंस्थेचा जितका, तितकाच एका धंद्याचाही आहे. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. शर्यतीचे बहुतेक नियम, तिचे रंग, तिच्यातली भांडणे यांचा उगम तिथेच सापडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सायकल ही नव्या काळाची वस्तू होती आणि वर्तमानपत्रे लांब पल्ल्याच्या शर्यती भरवून वाचक ओढत होती. १८९१ साली ‘ल पेती झुर्नाल’ने पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत घेतली. ती शार्ल तेराँने तीन रात्री न झोपता जिंकली. या शर्यतीमागचा संपादक पिएर झिफार पुढे ‘ल व्हेलो’ या क्रीडा दैनिकाचा सर्वेसर्वा झाला. हे दैनिक हिरव्या कागदावर छापले जाई आणि त्या क्षेत्रात त्याला तुल्यबळ कोणी नव्हते.

त्याच सुमारास ड्रेफस प्रकरणाने फ्रान्स दुभंगला होता. ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस याच्यावरील हेरगिरीचा आरोप खरा की खोटा, यावर घराघरांत वाद होते. झिफार ड्रेफसच्या बाजूचा होता, तर त्याच्या दैनिकाला मोठ्या जाहिराती देणारा मोटार कारखानदार काउंट द दियाँ विरोधी बाजूचा. १८९९ मध्ये ऑतोयच्या घोडदौडीच्या मैदानावर राष्ट्राध्यक्षांविरुद्ध जो गोंधळ झाला त्यात द दियाँला अटक झाली आणि झिफारने त्याच्यावर टीका केली. द दियाँने जाहिराती काढून घेतल्या आणि टायरवाला मिशलँ व सायकलवाला क्लेमाँ यांना सोबत घेऊन ऑक्टोबर १९०० मध्ये नवे दैनिक काढले. त्याचे नाव ‘लोतो-व्हेलो’, कागद पिवळा. संपादक म्हणून आंरी देग्रांजला आणले. वकिलाच्या कचेरीत काम केलेला हा माणूस स्वतः सायकलस्वार होता. १८९३ मध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर कापून त्याने विक्रम नोंदवला होता.

नवे दैनिक चालेना. त्यातच झिफारने नावावरून दावा लावला, आणि जानेवारी १९०३ मध्ये न्यायालयाने ‘व्हेलो’ हा शब्द गाळायला लावला. उरले नुसते ‘लोतो’. म्हणजे सायकलच्या वाचकाला ओळखता येईल अशी खूणच नावातून गेली. यावर तोडगा त्याआधीच, २० नोव्हेंबर १९०२ च्या बैठकीत पुढे आला होता. सायकलविभागाचा तरुण बातमीदार जेओ लफेव्र याने सुचवले की मैदानावर सहा दिवस चालणाऱ्या शर्यती लोक बघतात, तर तशीच शर्यत सबंध फ्रान्सभर रस्त्यावर फिरवावी. देग्रांजला कल्पना धाडसी वाटली. पैशाचे खाते सांभाळणाऱ्या व्हिक्तोर गोदेने मात्र होकार दिला. खजिनदार पुढे आणि संपादक मागे, असे चित्र संस्थांच्या इतिहासात क्वचितच दिसते.

पहिल्या जाहिरातीप्रमाणे शर्यत पाच आठवडे चालणार होती आणि प्रवेशशुल्क २० फ्रँक होते. नावे आली जेमतेम पंधरा. मग मुदत जुलैच्या तीन आठवड्यांवर आणली, शुल्क निम्मे केले आणि रोजच्या भत्त्याचे आमिष दाखवले, तेव्हा साठ जण उभे राहिले. १ जुलै १९०३ रोजी दुपारी पॅरिसच्या वेशीबाहेर माँझराँ येथील एका कॅफेसमोरून ते निघाले. टप्पे सहाच, पण एकूण अंतर २,४२८ किलोमीटर. पहिला टप्पा पॅरिस ते लियाँ, ४६७ किलोमीटरचा. अकोल्याच्या जठारपेठेतून सायकलवर निघून नागपूर गाठायचे आणि त्याच दमात अकोल्याकडे उलटे फिरायचे, साधारण इतका. स्वार रात्रभर चालत. दोन टप्प्यांच्या मध्ये बहुधा एकापेक्षा जास्त दिवसांची विश्रांती असे. सायकलला गिअर नव्हते, रस्ते बहुतांशी खडीचे होते आणि पंक्चर झाले तर ज्याचे त्यानेच काढायचे. म्हणून जादा टायर आठच्या आकड्यासारखे खांद्यावरून गुंडाळलेले असत.

पहिला टप्पा मॉरिस गारँने पावणेअठरा तासांत संपवला आणि शर्यतही त्यानेच जिंकली. इटलीत जन्मलेला गारँ लहानपणी धुराडी साफ करीत असे. दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराला त्याने २ तास ५९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे टाकले. एवढे अंतर टूरच्या इतिहासात पुन्हा कधी पडले नाही. साठांपैकी एकवीस जणच पॅरिसला पोचले. ‘लोतो’चा खप मात्र २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला, आणि पुढच्याच वर्षी झिफारचे ‘ल व्हेलो’ बंद पडले.

दुसऱ्या वर्षी ही शर्यत संपण्याच्याच बेताला आली. १९०४ च्या शर्यतीत गावोगावचे पाठीराखे आपल्या स्वारासाठी रस्त्यावर उतरले. सँत-एतियेनजवळ रात्री जमावाने गारँसह पुढच्या स्वारांना मारहाण केली, जमाव पांगवायला पिस्तुलाचे बार काढावे लागले. रस्त्यावर खिळे टाकले गेले. काही स्वार अंधाराचा फायदा घेऊन मोटारीने, तर काही आगगाडीने पुढे गेल्याच्या तक्रारी झाल्या. चार महिन्यांनी राष्ट्रीय संघटनेने गारँसकट पहिल्या चौघांना बाद केले आणि विजेतेपद पाचव्या क्रमांकाच्या आंरी कोर्नेला गेले. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्याहून लहान विजेता आजवर झालेला नाही. देग्रांजने अग्रलेखात टूर संपली असे जाहीर केले आणि काही महिन्यांतच पुढच्या टूरची आखणी हाती घेतली.

या आखणीत त्याने केलेल्या बदलांतले काही पुढे टिकले. टप्पे लहान केले, त्यांची संख्या वाढवली, रात्री सायकल चालवणे जवळजवळ बंद केले. वेळेऐवजी क्रमांकाचे गुण धरले, म्हणजे मध्येच गाडीत बसून अर्धा तास कमावण्यात फारसा फायदा उरला नाही. गुणांची ही पद्धत १९१२ पर्यंत चालली. पण तिच्यात आघाडीवरचा स्वार प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवून निवांत चालू लागला आणि शर्यत मिळमिळीत झाली, म्हणून १९१३ पासून पुन्हा वेळेचा हिशेब आला.

दुसरा बदल घाटांचा. १९०५ मध्ये व्होज डोंगरातला बालाँ दाल्झास हा घाट मार्गात आला. १९१० साली अल्फाँस स्टेनेस या सहकाऱ्याने पिरेनीज पर्वत सुचवला आणि त्याची पाहणी करायला तो स्वतः गेला. तुर्माले खिंडीजवळ त्याची मोटार बर्फात अडकली. तो रात्री पायी निघाला, वाट चुकला आणि पहाटे गारठलेल्या अवस्थेत लोकांच्या हाती लागला. सकाळी त्याने पॅरिसला तार केली, ती मात्र रस्ता उत्तम आहे अशी! तुर्माले २,११५ मीटर उंच आहे. विदर्भातले थंड हवेचे ठिकाण चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, यावरून अंदाज यावा. जुलैत ३२६ किलोमीटरच्या एकाच टप्प्यात असे चार मोठे घाट चढून आलेल्या ओक्ताव्ह लापीझने आयोजकांना भर रस्त्यात खुनी म्हटले. त्या वर्षीची टूर त्यानेच जिंकली. दुसऱ्या वर्षी आल्प्समधली गालिब्ये खिंड आली. घाट हे तेव्हापासून या शर्यतीचे मर्मस्थान झाले. सपाट रस्त्यावर मिनिटे क्वचितच गमावली जातात, ती घाटात गमावली जातात.

नियम किती कडक होते हे १९१३ मधल्या एका प्रसंगातून दिसते. एकूण क्रमवारीत दुसरा असलेला यूजेन क्रिस्तोफ तुर्माले उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की सायकल बदलायची नाही आणि दुरुस्तीला कोणाची मदत घ्यायची नाही. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली, चाक हातात घेतले आणि दहाएक किलोमीटर घाट पायी उतरून तो सँत-मारी-द-काँपाँ या गावी आला. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहाराने कसे करायचे ते तोंडाने सांगायचे आणि क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवायचे, ऐरणीवर ठोकायचे, नळीला भोक पाडून जोड बसवायचा, असे तीनेक तास चालले. शर्यतीचे पंच दाराशी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामात अडकलेले, म्हणून भाता ओढायला लोहाराच्या दुकानातला एक पोरगा पुढे झाला. पंचांनी ही परक्याची मदत धरून क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड लावला, तो पुढे कमी करून तीन मिनिटांवर आणला. जवळजवळ चार तास गमावलेल्या माणसाला तीन मिनिटांचा दंड! तरीही त्याने शर्यत सोडली नाही आणि पॅरिसला तो सातवा आला. त्या भट्टीच्या जागी आज फलक आहे.

पहिल्या महायुद्धात चार वर्षे शर्यत झाली नाही. लापीझ, पेती-ब्रतों आणि फाबेर हे तीन माजी विजेते युद्धकाळात मरण पावले. १९१९ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा रस्ते तोफगोळ्यांनी उखडलेले होते, टायर मिळत नव्हते, आणि ५,५६० किलोमीटरनंतर क्रमवारीत जेमतेम दहा जण उरले. कापडटंचाईमुळे बहुतेक स्वारांच्या जर्सी सारख्याच करड्या होत्या आणि पुढे असलेला स्वार कोण, हे बघणाऱ्यांना कळेना. म्हणून १९ जुलैला ग्रनोब्ल येथे आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी देण्यात आली. पिवळाच रंग, कारण ‘लोतो’चा कागद पिवळा. ती पहिली जर्सी क्रिस्तोफच्याच अंगावर चढली. पुढे उत्तरेच्या फरसबंदीवर त्याचा चिमटा पुन्हा मोडला आणि फिर्मँ लांबो जिंकला. इटलीच्या ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’चा कागद गुलाबी, म्हणून जिरोची जर्सी गुलाबी, हा हिशेब तिथेही तोच आहे.

यानंतरची दहा वर्षे देग्रांज आणि सायकल कंपन्या यांच्या भांडणात गेली. देग्रांजला शर्यत एकेकट्या माणसाची हवी होती, तर कंपन्यांना आपला संघ म्हणून जिंकायचे होते. देग्रांजचे नियम हट्टाचे होते. पहाटेच्या थंडीत दोन जर्सी घालून निघालेल्याने दुपारी एक फेकून देता कामा नये, हा त्यातलाच एक. १९२४ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए याच कारणावरून भावासह शर्यत सोडून गेला आणि कॅफेत बसून त्याने पत्रकार आल्बेर लाँद्रला आपल्या पिशवीतल्या गोळ्या व औषधे काढून दाखवली. १९२९ मध्ये आजारी पडलेला मोरिस दवाल संघाच्या आधाराने जिंकला, तेव्हा देग्रांजचा संयम संपला. १९३० पासून त्याने कंपन्यांचे संघ बंद करून राष्ट्रीय संघ आणले आणि सायकली स्वतः पुरवल्या.

पण कंपन्या गेल्या म्हणजे त्यांचा पैसाही गेला. स्वारांचे खाणेपिणे, निवास, सायकली हा खर्च आता आयोजकांवर आला. त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा निघाला. शर्यतीच्या तास-दोन तास आधी हा ताफा रस्त्याने जातो आणि दुतर्फा उभ्या लोकांवर चॉकलेट, टोप्या, नमुन्याच्या पुड्या उधळतो. आज स्वार डोळ्यांसमोरून अर्ध्या मिनिटात निघून जातात, ताफा मात्र पाऊण तास चालतो, आणि रस्त्यावर खुर्च्या टाकून बसलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी जण त्यासाठीच येतात. बिनतिकिटाच्या खेळातून पैसा कसा काढायचा, या प्रश्नाला टूरने दिलेली उत्तरे तीन: मुक्कामाच्या शहरांकडून शुल्क, जाहिरातदारांचा ताफा आणि पुढे दूरचित्रवाणीचे हक्क. तिसरे उत्तर आता पहिल्या दोहोंवर भारी पडले आहे.

गिअर बदलण्याची यंत्रणा देग्रांजने कित्येक वर्षे येऊ दिली नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत. घाट आला की स्वार उतरायचा, चाक काढून उलटे बसवायचा आणि पुन्हा निघायचा. १९३७ साली, देग्रांजने सूत्रे सोडल्यावर, हा नियम गेला. देग्रांज १९४० मध्ये वारला. त्याच्या जागी व्हिक्तोरचा मुलगा झाक गोदे आला आणि जवळजवळ पन्नास वर्षे राहिला.

जर्मन ताब्याच्या काळात ‘लोतो’ छापले जात राहिले म्हणून १९४४ मध्ये मुक्त फ्रान्सने ते बंद केले. गोदेने १९४६ मध्ये ‘लेकिप’ हे नवे दैनिक काढले, पांढऱ्या कागदावर. ‘ल पारिझियँ लिबेरे’ या दैनिकाच्या मदतीने त्याने १९४७ पासून टूर पुन्हा भरवली. त्या पहिल्याच शर्यतीत झाँ रोबिकने शेवटच्या दिवशी आघाडी घेतली. पिवळी जर्सी घालून तो एकही टप्पा चालला नव्हता. १९६५ मध्ये ‘लेकिप’ एमिलियँ आमोरी याच्या वृत्तपत्रसमूहाकडे गेले आणि आज शर्यत त्याच घराण्याच्या कंपनीच्या मालकीची आहे. राष्ट्रीय संघ सलग १९६१ पर्यंत टिकले, पुढच्या वर्षीपासून कंपन्यांचे संघ परत आले.

शर्यतीचे आजचे रूप असे आहे : २१ टप्पे, दोन विश्रांतीचे दिवस, साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर अंतर, प्रत्येकी आठ स्वारांचे बावीस-तेवीस संघ. पिवळीखेरीज आणखी तीन जर्सी असतात. हिरवी टप्प्यांच्या व मधल्या रेषांच्या गुणांसाठी, पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची घाटाच्या राजासाठी आणि पांढरी तरुण स्वारासाठी.

खेळाचे मर्म वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेले की स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे चाकाला चाक लावून चालले तर ती बरीच वाचते आणि मोठ्या घोळक्याच्या आत आणखीच. म्हणून एकटा सुटलेला माणूस बहुधा पकडला जातो आणि म्हणून संघ लागतो. आठातले सात जण म्होरक्यासाठी वारा खातात. मागे संघाच्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणणे, म्होरक्याचे चाक बसले तर स्वतःचे काढून देणे, ही त्यांची कामे. १९३४ मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने आपले पुढचे चाक आंतोनँ माइनला दिले. मदतीच्या गाडीची वाट पाहत रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून रडणाऱ्या व्हिएतोचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. माइन ती टूर जिंकला, व्हिएतोला ती कधीच जिंकता आली नाही.

वेळेचा हिशेबही घोळक्याप्रमाणेच चालतो. एकत्र आलेल्या घोळक्यातल्या सर्वांना पहिल्याची वेळ मिळते, नाहीतर शेवटच्या वळणावर दीडशे जण दोन-दोन सेकंदांसाठी एकमेकांवर आदळतील. सपाट टप्प्याच्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पडलेल्याला तो ज्या घोळक्यात होता त्याचीच वेळ देतात. मागे राहणाऱ्यांसाठी कमाल वेळ ठरलेली असते. ती ओलांडली की दुसऱ्या दिवशी घरचा रस्ता. हे सगळे नियम सेकंदांसाठी आहेत, आणि सेकंद किती मोलाचे असतात ते १९८९ मध्ये दिसले. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची एकेकट्याची घड्याळी शर्यत होती. लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने तो फरक भरून काढला आणि तीन आठवड्यांच्या शर्यतीत आठ सेकंदांनी जिंकला.

औषधांचा विषय टाळून हा इतिहास पुरा होत नाही. पेलिसिएच्या पिशवीपासून तो सुरू आहे. १३ जुलै १९६७ रोजी इंग्लंडचा टॉम सिम्प्सन माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक सापडले. १९९८ मध्ये फेस्तिना संघाची औषधांनी भरलेली मोटार सीमेवर पकडली गेली. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सलग सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. ती कोणालाही दिली गेली नाहीत. अधिकृत यादीत त्या सात वर्षांसमोरची जागा कोरी आहे. दुसऱ्या क्रमांकावरून बढती द्यावी असा स्वच्छ माणूस शोधणे अवघड होते हे यामागचे उघड कारण.

स्त्रियांना या संस्थेने फार उशिरा जागा दिली. १९८४ ते १९८९ अशी सहा वर्षे स्त्रियांची टूर पुरुषांच्या शर्यतीसोबत झाली आणि मग आयोजकांनी ती सोडून दिली. २०२२ मध्ये ती आठ टप्प्यांची होऊन परतली, आणि नेदरलँड्सची आनेमीक फान फ्ल्युटन जिंकली.

भारतात सायकलची राष्ट्रीय संघटना १९४६ साली झाली. मुंबईचे सोहराब भूत आणि पुढे हिंदी चित्रपटांत दिसलेले जानकीदास यांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता. महाराष्ट्रात रस्त्यावरची शर्यत म्हटली की मुंबई–पुणे शर्यतीचे नाव निघते. खोपोलीनंतर बोरघाट लागतो आणि तो सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळे बक्षीस असते, म्हणजे टूरचाच प्रघात. अलीकडे महाराष्ट्रातले डॉक्टर अतिदीर्घ शर्यतींत दिसू लागले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी ‘रॅम’ पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत टप्पे नसतात. घड्याळ एकदा सुरू झाले की झोपेतही चालूच राहते. डॉ. समर्थ २०१८ मध्ये मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला जाणारी सुमारे ९,१०० किलोमीटरची शर्यतही पुरी करून आले. ती मात्र टप्प्यांची होती, त्यामुळे टप्प्यांच्या शर्यतीशी विदर्भाचा संबंध अगदीच नाही असे नाही.

व्यावसायिक संघांची टप्प्यांची शर्यत महाराष्ट्रात जानेवारी २०२६ मध्ये झाली. ‘पुणे ग्रँड टूर’ या नावाने १९ ते २३ तारखांना एक प्रारंभिक घड्याळी फेरी व चार टप्पे, असे सुमारे ४३७ किलोमीटर अंतर पुणे जिल्ह्यात कापले गेले. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या यादीत तिचा वर्ग २.२ आहे. त्यातला पहिला आकडा टप्प्यांची शर्यत दाखवतो, दुसरा तिची पायरी.

वऱ्हाडात अशी शर्यत घ्यायची तर मार्ग नकाशावर तयार आहे. अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावती हा सपाट टप्पा होतो आणि अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदरा हा घाटाचा. अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना या दरम्यान जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने ७५ किलोमीटरची एक पदरी डांबरी वाट १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली आणि ती गिनीज बुकात नोंदली गेली. तेवढे अंतर टूरमधला घोळका पावणेदोन तासांत कापतो. अडचणी दोन. पहिली हवेची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा शर्यत नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी याच काळात बसवावी लागेल. दुसरी जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. मोटारीत त्या जाणवत नाहीत, पण बोटभर रुंदीच्या टायरवर ताशी पन्नासने येणाऱ्या स्वाराला त्या आडवे करतात. दरवर्षी पावसाळ्यानंतर रस्ता नव्याने तपासावा लागेल.

उरते ते रस्ता बंद करण्याचे काम. गावाबाहेरच्या मार्गावर रस्ता शर्यतीपुढे बंद होतो आणि शेवटची गाडी गेली की उघडतो. पुढे सुटलेले आणि मागे रेंगाळलेले यांच्यातले अंतर वाढले की ही वेळही वाढते. शहरात फेऱ्या असतील तर मात्र काही तास पूर्ण बंद लागतो. टप्पा अकोल्यात संपवायचा आणि रेषा जठारपेठ चौकात आखायची म्हटले, तर नियमाप्रमाणे रेषेच्या आधी किमान ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर दोन्ही बाजूंनी कठडे लागतात. तेवढ्या लांबीतली दुकाने, दवाखाने आणि बोळ यांना त्या दुपारपुरती मागून वाट काढून द्यावी लागते.